योग्य गुंतवणूकदार कसा निवडावा? नवउद्योगांच्या संस्थापकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पहिल्यांदा भांडवल उभारणाऱ्या संस्थापकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. पैसे कसे मिळवावेत हा येथील विषय नाही. पैसे देऊ करणाऱ्यांपैकी कोणाचे घ्यावेत आणि कोणाचे नाकारावेत, एवढ्यापुरतीच ही चर्चा आहे. उदाहरणांतील कोटींचे आकडे केवळ हिशेब उलगडून दाखवण्यासाठी घेतले आहेत.

योग्य गुंतवणूकदार कोणाला म्हणावे?

ज्याच्या पैशाची मुदत, परताव्याची अपेक्षा आणि नुकसान सोसण्याची ताकद तुमच्या व्यवसायाच्या गतीशी जुळते, त्याला. नावलौकिक, ओळखीपाळखी आणि बैठकीतला जिव्हाळा यांचा विचार त्यानंतर करावा. गुंतवणूकदार हा बहुतेक वेळा स्वतःही कोणाला तरी बांधील असतो. त्याने इतरांकडून पैसे घेतलेले असतात, ते ठरावीक मुदतीत काही पटींनी वाढवून परत करण्याची अपेक्षा त्याच्यावर असते, आणि त्याच्यावरचा हा ताण आज ना उद्या तुमच्या कंपनीवर येतोच. म्हणून त्याचा स्वभाव पारखण्याआधी त्याची परिस्थिती समजून घ्यावी. सज्जन माणूससुद्धा फंडाची, म्हणजे इतरांकडून जमवलेल्या या निधीची, मुदत संपत आली की कंपनी विकण्याचा आग्रह धरतो, आणि त्याच्या जागी बसून पाहिले तर त्यात त्याचे काही चुकतही नसते.

मुळात बाहेरचे भांडवल घ्यायलाच हवे का?

अनेकांना नको असते, पण हा प्रश्न विचारायला उशीर होतो. मेलचिंप ही ईमेल विपणनाची कंपनी २००१ साली सुरू झाली, तिने व्हेंचर कॅपिटल, म्हणजे नवउद्योगांत पैसे घालणाऱ्या फंडांचे भांडवल, घेतलेच नाही, आणि २०२१ मध्ये इंट्यूटने ती सुमारे १२ अब्ज डॉलरांना विकत घेण्याचे जाहीर केले. प्रत्येक कंपनीची अशी गोष्ट होत नाही हे खरे, तरी ज्या व्यवसायात ग्राहक पहिल्या महिन्यापासून पैसे देतात आणि वाढ हळू पण नफ्याची असते, तेथे फंडाचा पैसा घेणे म्हणजे आपल्याला न झेपणारी गती मान्य करणे होय. याउलट ज्या क्षेत्रात उत्पादन तयार होण्याआधी वर्षानुवर्षे संशोधन करावे लागते, किंवा बाजार आधी व्यापणाऱ्यालाच टिकता येते, तेथे बाहेरच्या भांडवलाशिवाय गत्यंतर नसते. कंपनी दहा वर्षांत कित्येक पटींनी मोठी होऊ शकते का, आणि ती पुढेमागे विकण्याची किंवा शेअर बाजारात नेण्याची आपली मनापासून तयारी आहे का, या दोन्ही प्रश्नांना होकार असेल तरच फंडांच्या दारात जावे.

एंजल, व्हेंचर फंड, मोठ्या कंपन्यांचे गुंतवणूक विभाग: यांत व्यवहारात काय फरक पडतो?

एंजल स्वतःच्या खिशातले पैसे घालतो. त्याला कोणाला हिशेब द्यायचा नसतो, त्यामुळे तो निर्णय लवकर घेतो आणि पैसे परत मिळण्याची घाई करत नाही. मात्र भांडवल उभारणीच्या पुढच्या फेरीत कंपनीला मोठी रक्कम लागली तर ती देण्याची त्याची ऐपत सहसा नसते. चांगला एंजल हा पैशापेक्षा अनुभवासाठी घ्यावा, आणि अनुभव नसेल तर निदान शांत स्वभावासाठी तरी.

व्हेंचर फंडाकडे मोठी रक्कम असते, पुढच्या फेऱ्यांसाठी राखून ठेवलेला निधी असतो, आणि कामकाजाची शिस्तही असते. त्याबरोबर अटी, संचालक मंडळावरची जागा आणि मुदतीचे गणितही येते. पुढच्या उत्तरात त्याचा सविस्तर विचार केला आहे.

मोठ्या कंपन्यांच्या गुंतवणूक विभागांविषयी अधिक सावध राहावे. त्यांच्याकडून ग्राहक, वितरणव्यवस्था आणि तांत्रिक मदत मिळू शकते, पण त्या कंपनीचे नेतृत्व बदलले की गुंतवणुकीचे धोरणही एका बैठकीत बदलते. शिवाय तुमची कंपनी विकायची वेळ आली तर पहिली संधी आपल्याला मिळावी असा हक्क त्या बरेचदा मागतात. हा हक्क दिला की त्यांचे प्रतिस्पर्धी तुमच्यासाठी बोली लावायला फारसे उत्सुक राहत नाहीत, कारण बोली लावण्याचे श्रम त्यांनी घ्यायचे आणि सौदा दुसऱ्याने पटकवायचा, हे कोणाला परवडणार?

धनिक कुटुंबांची गुंतवणूक कार्यालये धीराची असतात. परंतु तेथे सगळे काही एका व्यक्तीच्या मर्जीवर चालत असेल, तर त्या व्यक्तीनंतर निर्णय कोण घेणार हे विचारून ठेवावे.

फंडाचा आकार आणि वय विचारणे इतके महत्त्वाचे का मानले जाते?

कारण फंडाची बरीचशी वागणूक या दोन आकड्यांवरून आधीच कळते, आणि तरीही संस्थापक ते विचारायला संकोचतात.

व्हेंचर फंडाची रचना साधारणपणे १० वर्षांची असते, आणि पैसे देणाऱ्यांच्या संमतीने ती एखाद-दोन वर्षे वाढवता येते. नव्या कंपन्यांत पैसे घालण्याचे काम पहिल्या तीन ते पाच वर्षांत उरकले जाते. उरलेला काळ त्या कंपन्यांना पुढचे भांडवल पुरवण्यात आणि त्यांतून बाहेर पडण्यात जातो. फंड चालवणाऱ्यांना वर्षाला सुमारे २ टक्के शुल्क आणि झालेल्या नफ्यातून सुमारे २० टक्के वाटा, अशी प्रचलित पद्धत आहे. आता समजा, तुम्हाला पैसे देणाऱ्या फंडाचे हे सहावे वर्ष आहे. तुमच्या कंपनीला मोठे व्हायला आठ वर्षे लागणार असतील, तर ती अर्ध्या वाटेवर असतानाच त्या फंडाला घरी जायचे असेल. तोच फंड पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षात असेल, तर त्याच माणसांची भाषा निराळी असते.

आकाराचे गणित याहून बोलके आहे. एक फंड ५०० कोटींचा आहे आणि कंपनी विकली जाईपर्यंत त्याच्याकडे तुमच्या कंपनीचा १५ टक्के हिस्सा उरतो असे धरू. कंपनी ३०० कोटींना विकली गेली, तर त्याला ४५ कोटी मिळतात, म्हणजे फंडाच्या ९ टक्के. तुमच्या आयुष्याचे सोने करणारा हा सौदा त्याच्या ताळेबंदात जेमतेम एक ओळ व्यापतो. एकट्या तुमच्या कंपनीतून आपला पूर्ण फंड वसूल व्हावा अशी त्याची इच्छा असेल, तर कंपनी साधारण ३,३३३ कोटींना विकली जायला हवी. तोच १५ टक्के हिस्सा ५० कोटींच्या छोट्या फंडाकडे असता, तर ३०० कोटींच्या विक्रीत त्याचे जवळजवळ सगळे भांडवल एका फटक्यात परत आले असते आणि त्याने आनंदाने सही केली असती. मोठा फंड ३०० कोटींचा प्रस्ताव नाकारायला सांगतो तेव्हा तो हावरट असतो असे नाही. त्याचा हिशेबच वेगळा असतो.

या धंद्यात एका मोठ्या यशावर बाकीची अपयशे भरून निघतात, ही समजूत जुनी आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट कॉर्पोरेशनने १९५७ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या संगणक कंपनीत ७० हजार डॉलर घातले होते. सुमारे दीड दशकात त्या हिश्श्याचे मूल्य ३५ कोटी डॉलरांच्या वर गेले. अशा एका यशाच्या शोधात असलेला गुंतवणूकदार तुम्हाला मध्यम यशावर थांबू देणार नाही, हे गृहीत धरूनच त्याच्याशी बोलणी करावीत.

आमच्याच क्षेत्रात आधी गुंतवणूक केलेला गुंतवणूकदार चांगला, की धोक्याचा?

क्षेत्राची जाण असलेला गुंतवणूकदार निःसंशय उपयोगी असतो: त्याला प्राथमिक गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत आणि ज्येष्ठ पदांवर नेमण्याजोगी माणसे त्याच्या ओळखीची असतात. मात्र त्याने तुमच्या थेट प्रतिस्पर्ध्यात पैसे घातले असतील तर पहिल्या बैठकीलाही जाऊ नये, आणि गेलातच तर ग्राहकांची यादी, दरपत्रक व पुढच्या वर्षाचे नियोजन सोबत नेऊ नये. बहुतेक फंड गोपनीयतेच्या करारावर सही करत नाहीत. ती जगभरची रीत आहे, त्यावरून रुसण्यात अर्थ नाही. काय दाखवायचे आणि काय राखून ठेवायचे, हे ठरवणे तुमच्या हातात आहे.

गुंतवणूकदाराची चौकशी कशी करावी?

तो तुमची जितक्या कसोशीने करतो, तितक्याच कसोशीने. तो तुमचे हिशेब, करार आणि ग्राहक तपासतो. तुम्ही त्याने पूर्वी साथ दिलेल्या संस्थापकांशी बोलावे. येथे एक चूक हमखास होते: गुंतवणूकदाराने स्वतः दिलेल्या दोन-तीन नावांनाच फोन केला जातो. ती नावे यशस्वी कंपन्यांची असतात आणि तेथून कौतुकच ऐकायला मिळते. त्याच्या संकेतस्थळावरील कंपन्यांची यादी पाहून, ज्या बंद पडल्या किंवा पडत्या किमतीला विकल्या गेल्या, त्यांचे संस्थापक स्वतः शोधून काढावेत. जमल्यास, ज्या संस्थापकाला त्याच्या कारकिर्दीत पदावरून दूर व्हावे लागले, त्याच्याशीही बोलावे.

“माणूस कसा आहे?” असे मोघम विचारले की मोघमच उत्तर मिळते. प्रश्न प्रसंगांना धरून असावेत. विक्री सलग दोन तिमाही घसरली तेव्हा त्याने पहिला फोन कधी केला आणि काय म्हणाला? पैसे संपत आले असताना त्याने तात्पुरती रक्कम दिली का, आणि दिली तर कोणत्या अटींवर? मंडळाच्या बैठकीआधी तो कागदपत्रे वाचून येतो का? वाईट बातमी सांगितल्यावर पुढच्या बैठकीत त्याचा सूर बदलला का? शेवटी एकच विचारावे: नव्या कंपनीसाठी पुन्हा त्याच्याकडून पैसे घ्याल का? या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर त्या थांबण्याची नोंद करून ठेवावी. पुढे येणारे “हो, घेईन की” त्याइतके विश्वसनीय नसते.

फंडाबरोबरच त्यातील ज्या भागीदाराशी तुमचा रोजचा संबंध येणार, त्याचीही वेगळी चौकशी करावी. नामांकित फंडातही दुर्लक्ष करणारा भागीदार असू शकतो. तो फंड सोडून गेला तर तुमच्या कंपनीची बाजू आत मांडणारा कोणी उरत नाही, म्हणून त्याची तेथील मुळे किती खोल आहेत तेही पाहावे.

पहिल्या भेटींत आपण काय विचारावे?

कोणत्या फंडातून पैसे देणार आणि तो कधी उभारला. त्यातील किती रक्कम अजून शिल्लक आहे. पुढच्या फेऱ्यांसाठी प्रत्येक कंपनीमागे किती राखून ठेवता. अंतिम निर्णय कोण घेते आणि त्याला किती बैठका लागतात. सध्या तुम्ही किती मंडळांवर आहात. हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. ज्याला ते उद्धट वाटतात, त्याच्या मंडळातील बैठका कशा होतील याचा अंदाज तुम्हाला फुकटात मिळाला असे समजावे.

उत्तरांइतकेच वर्तनही पाहावे. ठरलेल्या वेळा वारंवार पुढे ढकलणे, नकार न देता महिनोन्महिने “संपर्कात राहू” म्हणणे, कनिष्ठ सहकाऱ्याला सर्वांसमोर गप्प करणे, सहसंस्थापकांपैकी एकाशीच नजर मिळवून बोलणे, या गोष्टी प्रेमात पडलेल्या संस्थापकाला दिसत नाहीत. म्हणून प्रत्येक भेटीला दोघांनी जावे आणि परतल्यावर आपापली मते आधी वेगवेगळी लिहून काढावीत.

जो सर्वांत जास्त मूल्यांकन देतो, त्यालाच निवडणे शहाणपणाचे नाही का?

थोडे अधिक मूल्यांकन मिळत असेल आणि बाकीच्या अटी सारख्याच असतील तर जरूर. पण अटी क्वचितच सारख्या असतात. फुगवलेले मूल्यांकन हे पुढच्या फेरीपर्यंत गाठायचे लक्ष्य होऊन बसते. ते गाठले नाही तर पुढची फेरी कमी किमतीला करावी लागते, कर्मचाऱ्यांना दिलेल्या समभागांच्या पर्यायांचे मोल उतरते आणि जुन्या गुंतवणूकदारांची संरक्षक कलमे जागी होतात.

स्क्वेअर या पैशांची देवघेव करणाऱ्या कंपनीने २०१४ च्या फेरीत समभाग १५.४६ डॉलरांना विकले होते आणि त्या गुंतवणूकदारांना शेअर बाजारातील नोंदणीच्या वेळी किमान २० टक्के परताव्याची हमी दिली होती. नोव्हेंबर २०१५ मध्ये कंपनी ९ डॉलर या भावाने बाजारात आली. ही तूट भरून काढण्यासाठी त्या गुंतवणूकदारांना जादा समभाग द्यावे लागले, आणि त्याचा भार बाकीच्या सर्व भागधारकांवर पडला. आकडा मोठा दिसत होता, कारण त्याची किंमत दुसऱ्या कलमात दडलेली होती.

मूल्यांकन पाहताना कर्मचाऱ्यांसाठी राखायच्या समभागांचाही हिशेब करावा. गुंतवणुकीपूर्वीचे मूल्य ८० कोटी, गुंतवणूक २० कोटी, म्हणजे गुंतवणूकदाराचा हिस्सा २० टक्के. आता त्याने अट घातली की गुंतवणुकीनंतर १५ टक्के समभाग कर्मचाऱ्यांसाठी राखलेले असावेत आणि ते आधीच्या भागधारकांच्या वाट्यातून काढावेत. मग संस्थापकांकडे ६५ टक्के उरतात, म्हणजे तुमच्या कंपनीची खरी लावलेली किंमत ८० नसून ६५ कोटी आहे. अशा वेळी पुढच्या दीड वर्षात कोणकोणती पदे भरायची याची यादी समोर ठेवून, १५ ऐवजी ८ किंवा १० टक्के पुरतील असे दाखवून देता येते.

टर्म शीटमधील कोणत्या अटीवरून गुंतवणूकदाराची पारख होते?

टर्म शीट म्हणजे गुंतवणुकीच्या मुख्य अटींचा प्राथमिक मसुदा. माझ्या मते पारख होते ती लिक्विडेशन प्रेफरन्स या अटीवरून. कंपनी विकली गेली तर पैसे आधी कोणाला आणि किती मिळणार, हे ती ठरवते. एका गुंतवणूकदाराने ४० कोटी देऊन २५ टक्के हिस्सा घेतला असे समजू. प्रेफरन्स एक पट आणि सहभागाविना असेल, म्हणजे मुद्दल किंवा हिस्सा यांपैकी एकच घेता येत असेल, तर ५० कोटींच्या विक्रीत तो आपले ४० कोटी उचलेल आणि बाकीच्यांना १० कोटी उरतील. विक्री २०० कोटींना झाली, तर तो प्रेफरन्स सोडून आपला २५ टक्के हिस्सा, म्हणजे ५० कोटी घेईल. हा व्यवहार न्याय्य आहे: बुडत्या वेळी मुद्दल सुरक्षित, चढत्या वेळी वाटा.

प्रेफरन्स सहभागासह असेल, म्हणजे मुद्दल आणि हिस्सा दोन्ही घेता येत असतील, तर चित्र पालटते. २०० कोटींच्या विक्रीत तो आधी ४० कोटी घेतो, मग उरलेल्या १६० कोटींचे २५ टक्के घेतो, आणि एकूण ८० कोटी घेऊन जातो. प्रेफरन्स दोन पट असेल, तर ५० कोटींच्या विक्रीतील पैन् पै त्याची होते आणि संस्थापक रिकाम्या हाताने परततात. सुरुवातीच्या फेरीतच दुप्पट किंवा सहभागासह प्रेफरन्स मागणारा गुंतवणूकदार आपला विश्वास नेमका कशावर आहे ते सांगत असतो.

ही केवळ कागदावरची भीती नव्हे. ट्रेडॉस ही भाषांतराच्या सॉफ्टवेअरची कंपनी २००५ मध्ये सुमारे ६ कोटी डॉलरांना विकली गेली. अग्रहक्काच्या, म्हणजे असा प्रेफरन्स असलेल्या, समभागधारकांना सुमारे ५.२२ कोटी मिळाले, विक्री घडवून आणणाऱ्या व्यवस्थापनाला ७८ लाख मिळाले, आणि साध्या समभागधारकांना काहीही मिळाले नाही. प्रकरण अमेरिकेतील डेलावेअर राज्याच्या न्यायालयात गेले. मंडळाने निर्णय घेताना साध्या समभागधारकांच्या हिताचा विचारच केला नाही असे न्यायालयाला दिसले, तरी त्या समभागांचे त्या वेळचे मूल्य शून्यच होते, सबब किंमत न्याय्य ठरते, असा निकाल २०१३ मध्ये लागला. पुढे कोर्टात बघून घेऊ असे म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर लक्षात ठेवावा.

इतर अटींबद्दल थोडक्यात. भाव घसरल्यास मिळणारे संरक्षण भारित सरासरीचे, म्हणजे नव्या फेरीच्या आकाराच्या प्रमाणातच जुना भाव उतरवणारे असावे. पूर्ण रॅचेट, म्हणजे जुन्या गुंतवणूकदाराचा सगळाच भाव नव्या कमी भावाला आणून ठेवणारी तरतूद, नाकारावी. संस्थापकांचे समभाग चार वर्षांत टप्प्याटप्प्याने त्यांच्या मालकीचे होण्याची अट वाजवी आहे, मात्र तुम्ही आधीच घालवलेली वर्षे त्यात धरली जावीत. परतावा न मिळाल्यास संस्थापकाने स्वतःच्या मालमत्तेतून समभाग परत विकत घ्यावेत अशी अट कोणी घातली, तर ते भागभांडवल नसून वेश पालटून आलेले कर्ज आहे, आणि तेथून उठावे.

संचालक मंडळावर गुंतवणूकदाराला जागा द्यावी का?

लीड गुंतवणूकदाराला, म्हणजे फेरीत मोठी रक्कम घालून तिचे नेतृत्व करणाऱ्याला, द्यावी लागते आणि द्यावीही. सुरुवातीच्या काळात संस्थापकांकडे दोन आणि गुंतवणूकदाराकडे एक अशी तीन जणांची रचना पुरेशी असते. पुढे पाच जणांचे मंडळ झाले तर पाचवी व्यक्ती दोन्ही बाजूंच्या संमतीने नेमलेली, खरोखर स्वतंत्र असावी. “स्वतंत्र” संचालक हा गुंतवणूकदाराचा जुना सहकारी निघणे ही फार जुनी युक्ती आहे.

मताधिकार आपल्याकडे आहे म्हणून आपण सुरक्षित आहोत, असेही समजू नये. उबरच्या ट्रॅव्हिस कलानिक यांच्याकडे जादा मताधिकाराचे समभाग होते; तरी जून २०१७ मध्ये बेंचमार्क या व्हेंचर फंडासह प्रमुख गुंतवणूकदारांनी राजीनाम्याची मागणी केल्यावर त्यांना मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडावे लागले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बेंचमार्कने त्यांच्याविरुद्ध दावाही दाखल केला. त्यामागे कंपनीच्या कारभाराविषयीच्या गंभीर तक्रारी होत्या, त्यामुळे गुंतवणूकदारांची बाजू पोकळ होती असे नव्हे. पण जो गुंतवणूकदार एकेकाळी तुमच्या बाजूने उभा असतो, तोच परिस्थिती बदलल्यावर समोर उभा राहू शकतो, ही शक्यता कोणताही करार संपूर्णपणे मिटवू शकत नाही.

सेफ किंवा परिवर्तनीय कर्जाने पैसे घेतले तर निवड इतकी काटेकोर करावी लागते का?

होय. परिवर्तनीय कर्ज म्हणजे पुढे समभागांत बदलणारे कर्ज; सेफ म्हणजे आज पैसे घेऊन पुढच्या फेरीत समभाग देण्याचा करार. सेफ हा छोटा करार नवउद्योगांना पाठबळ देणाऱ्या वाय काँबिनेटर या अमेरिकन संस्थेने २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचे गुंतवणुकोत्तर मूल्यावर आधारित रूप प्रचलित केले. त्यात मंडळावरची जागा नसते आणि मूल्यांकनाची बोलणी पुढे ढकलली जातात, म्हणून संस्थापक कोणाचेही पैसे पटकन घेऊन मोकळे होतात. नव्या रूपात मूल्यांकनाच्या ५० कोटींच्या कमाल मर्यादेवर ५ कोटी घेतले, तर पुढच्या फेरीच्या तोंडावर १० टक्के गेले. मग आणखी ३ कोटी त्याच मर्यादेवर घेतले, तर आणखी ६ टक्के गेले, आणि ही सारी झीज संस्थापकांच्या वाट्याची असते. असे पाच-सहा करार झाले की पुढच्या फेरीत भागधारकांची यादी पाहून संस्थापकाचाच चेहरा उतरतो.

अनेक छोटे गुंतवणूकदार घ्यावेत की एकच मोठा?

एका जबाबदार लीड गुंतवणूकदारासोबत चार-पाच उपयोगी माणसे, ही रचना बहुधा सर्वांत चांगली चालते. तीस जणांनी थोडे थोडे दिले तर अडचणीच्या वेळी फोन करावा असा कोणीच नसतो, कारण प्रत्येकाची रक्कम विसरून जाण्याइतकी लहान असते. सह्या गोळा करायची वेळ आली की मात्र तिसांच्याही सह्या लागतात.

एखाद्या प्रसिद्ध मोठ्या फंडाने अगदी सुरुवातीला छोटी रक्कम देऊ केली, तर घ्यावी का?

विचार करून घ्यावी. मोठ्या फंडासाठी ती रक्कम नगण्य असते. पुढच्या फेरीचा हक्क राखण्यासाठी ती दिलेली असते. त्याने पुढच्या फेरीत भाग घेतला नाही, तर बाकीचे विचारतात, “आतल्या माणसाला सगळे दिसते, मग तो का थांबला?” कारण काहीही असले तरी या प्रश्नाचे उत्तर तुम्हालाच द्यावे लागते. पूर्वी अशा छोट्या गुंतवणुकांपैकी किती कंपन्यांची पुढची फेरी त्यांनी स्वतः केली, हे विचारून मगच ठरवावे.

आमच्याकडे एकच प्रस्ताव आहे आणि तो तीन दिवसांत संपणार आहे. काय करावे?

आधी तीन दिवस का, ते विचारावे. फंडाकडे खरे कारण असेल तर तो ते सांगतो आणि आठवडा वाढवूनही देतो. कारण नसेल, तर चौकशी करायला वेळ मिळू नये हाच उद्देश असतो. टर्म शीट बहुतांशी बंधनकारक नसते, पण गोपनीयता आणि इतरांशी बोलणी न करण्याची कलमे बंधनकारक असतात. सही केल्यावर तुम्ही साधारण ३० ते ६० दिवस बांधले जाता, आणि गुंतवणूकदार मात्र तपासणीच्या निमित्ताने केव्हाही मागे फिरू शकतो. ही मुदत ३० दिवसांच्या वर जाऊ देऊ नये.

खात्यात दोन महिन्यांचाच खर्च उरला असताना निवडीला जागा नसते, हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवे. म्हणून नऊ-दहा महिन्यांचा खर्च हाताशी असतानाच भेटीगाठी सुरू कराव्यात. तरीही पर्याय एकच उरला, तर मूल्यांकनावर माघार घ्यावी, प्रेफरन्स आणि मंडळावर घेऊ नये: कमी मूल्यांकनाचे नुकसान पुढे चांगल्या कामाने भरून काढता येते, पण एकदा दिलेली दुप्पट प्रेफरन्स पुढच्या प्रत्येक फेरीतील नवा गुंतवणूकदारही मागतो.

नातेवाइकांचे आणि मित्रांचे पैसे घ्यावेत का?

ज्यांना ती रक्कम पूर्ण बुडाली तरी चालेल, आणि ती बुडू शकते हे ज्यांना लेखी सांगितले आहे, त्यांचेच.

गुंतवणूकदार मिळवून देणाऱ्या मध्यस्थाला टक्केवारी द्यावी का?

सुरुवातीच्या फेऱ्यांत शक्यतो नाही. या टप्प्यावर गुंतवणूकदार तुमची पारख करत असतो, आणि तुमची ओळख करून देणारा कमिशनवर काम करतो हे कळले की त्या शिफारशीचे वजन जाते. पूर्वी त्याच गुंतवणूकदाराने साथ दिलेल्या संस्थापकाकडून झालेली ओळख सर्वांत मोलाची, आणि तिच्यासाठी कोणी पैसे मागत नाही. आगाऊ शुल्क मागणाऱ्याशी तर बोलूच नये.

करार झाल्यानंतर पटेनासे झाले तर?

गुंतवणूकदाराला काढून टाकता येत नाही, पण त्याला मार्ग मोकळा करून देता येतो. पुढच्या फेरीत नवा गुंतवणूकदार जुन्याचे समभाग विकत घेऊ शकतो, आणि ज्याच्या फंडाची मुदत सरत आली आहे त्याला असा प्रस्ताव हवाच असतो. त्यासाठी समभाग हस्तांतरणाची कलमे पहिल्याच करारात सुटसुटीत असावी लागतात, म्हणून सही करण्यापूर्वी वकिलाला हे कलम वेगळे काढून दाखवायला सांगावे.

तोपर्यंत संवाद लेखी आणि नियमित ठेवावा. दर महिन्याला विक्री, खर्च, शिल्लक रक्कम आणि ती किती महिने पुरेल, याचे एकपानी टिपण सर्व गुंतवणूकदारांना एकाच वेळी पाठवावे, आणि वाईट बातमी असेल तर ती पहिल्या परिच्छेदात लिहावी. मतभेद असलेल्या गुंतवणूकदाराशी मंडळाच्या बैठकीआधी एकट्याने बोलून घ्यावे. सर्वांसमोर एकदा घेतलेली भूमिका मागे घेणे माणसाला जड जाते. दोघांच्याही ओळखीचा एखादा स्वतंत्र संचालक असेल, तर हे पहिले बोलणे त्याच्यावर सोपवणे बरे.